राखीव दिवसाचे गणित

पुणे, अनंत चतुर्दशी

चि. भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

किलिमांजारोच्या बेताचे टिपण पोचले. त्यात बुटांची कंपनी, जॅकेटचे वजन आणि विमानाची भाडी यांचा तपशील बारकाईने मांडलेला असला, तरी ज्या रकान्यावर शिखर मिळणे-न मिळणे सर्वाधिक अवलंबून असते, तो दिवसांचा रकाना मात्र ‘सहा’ एवढा आकडा टाकून निकालात काढलेला दिसतो. म्हणून हे उत्तर मुख्यतः त्याच रकान्याविषयी आहे.

टांझानियातील या पर्वताचे उहुरू हे सर्वोच्च टोक ५,८९५ मीटरवर आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही सुमारे २१ टक्केच असते, परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर आलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायूही त्याच हिशेबाने घटतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास जलद होतो, त्यामुळे बदललेली रक्ताची आम्लता मूत्रपिंडे हळूहळू सावरून घेतात, आणि या सगळ्याला तास नव्हे तर दिवस लागतात. ट्रेकर मंडळी ज्याला ‘ॲक्लमटायझेशन’ म्हणतात, ते हेच. यावरूनच असा दंडक पडला आहे, की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा दर रात्री सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा.

या पर्वतावरील माचामे वाटेला हा दंडक लावून पाहिला, तर पहिली रात्र साधारण ३,००० मीटरवर आणि दुसरी शिरा येथे ३,८०० मीटरच्या वर पडत असल्यामुळे तो दुसऱ्याच रात्री मोडतो. तिसऱ्या दिवशी ही वाट लाव्हा टॉवरपाशी ४,६०० मीटरपर्यंत चढवते आणि झोपायला पुन्हा ३,९०० मीटरच्या आसपास बरांकोला उतरवते, ही तिची खरी जमेची बाजू. सहा दिवसांच्या आखणीत मात्र चौथ्या दिवशी बरांकोहून थेट ४,६०० मीटरवरील बराफू गाठून, जेमतेम पाठ टेकून, मध्यरात्री शिखराकडे निघावे लागते. सात दिवसांच्या आखणीत मध्ये करंगाचा मुक्काम मिळतो, बराफूला दुपारपर्यंत पोचता येते आणि थकलेल्या शरीराला काही तास विसावा लाभतो. (बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ, फारसीतला हा शब्द मराठीत आला तसाच हिंदी महासागराच्या त्या काठावरही गेला.)

सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरला इथे एक अडचण येते, आणि ती त्याच्या कमकुवतपणातून नव्हे तर दमदारपणातून येते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. तिथे विरळ हवेचा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे कोण किती वेळात माथ्यावर पोचला यावर माणसाची तयारी तोलण्याची सवय लागते, आणि हीच सवय ४,००० मीटरवर घात करते. वाटाडे दिवसभर ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे बजावत असतात ते उगाच नाही. बरांकोची भिंत मात्र, जिचा बराच बोलबाला असतो, कातळटप्पे चढलेल्या माणसाला फारशी जड जाऊ नये.

हाताशी दिवस राखून ठेवण्याचे महत्त्व या शिखराच्या पहिल्या चढाईतच दिसते. हान्स मायर १८८७ साली एकदा अपयशी होऊन परतला होता. १८८९ साली त्याने लुडविग पुर्टशेलर याच्याबरोबर येताना वर तळ मांडून तिथे शिधा पोचत राहील अशी व्यवस्था केली. ३ ऑक्टोबरला दोघे बर्फात पायऱ्या खोदत विवराच्या कडेपर्यंत पोचले, पण थकून परत फिरले, आणि ६ ऑक्टोबरला पुन्हा चढून माथ्यावर उभे राहिले. शिध्याअभावी ३ तारखेलाच पायथा गाठावा लागला असता, तर हा दुसरा प्रयत्न बहुधा झालाच नसता.

सरावात चढापेक्षा उताराला अधिक जागा द्यावी. शिखराच्या दिवशी बराफूपासून सुमारे १,२०० मीटर चढून म्वेकाच्या तळापर्यंत २,८०० मीटर उतरावे लागते, म्हणजे कळसूबाईवरून पायथ्याच्या बारी गावात जवळपास तीनदा उतरण्याइतके, आणि तेही रात्रभर जागल्यावर, घसाऱ्यावरून. पायांची नखे आधीच कापलेली नसतील किंवा उतरण्यापूर्वी नाडी पुन्हा आवळली नसेल, तर अंगठा बुटाच्या टोकावर आदळत राहतो आणि नख काळेनिळे पडते. शिखराच्या रात्री पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून साधी बाटली उलटी ठेवावी. बर्फ धरू लागले तरी ते बुडाशी धरते आणि झाकणाचे तोंड मोकळे राहते. हेडटॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगेत अंगाशी ठेवावेत. वर भूक मरते, तेव्हा चिक्की आणि खजूर कामी येतात. चिवड्याचा डबा नेण्यास हरकत नाही, पण कोरड्या घशाखाली तो उतरत नाही.

डायमॉक्स ही गोळी मूत्रपिंडांच्या वरील कामाला वेग देते, मात्र ती दिवसांची जागा घेत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. डोके दुखत असताना वर चढू नये. बसल्या जागी धाप लागणे ही फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची खूण असू शकते, तर टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालता न येणे ही मेंदूला सूज आल्याची. दोन्हींवर पहिला उपाय तत्काळ खाली उतरणे हाच असल्याने वाटाड्याने ‘परत’ म्हटले की तिथे वाद घालू नये. या डोंगरावर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाताच येत नाही. ओझेकऱ्यांची बक्षिशी खर्चात आधीच धरावी, आणि विमा ६,००० मीटरपर्यंत लागू आहे का, हे कागदावर वाचून घ्यावे.

सातव्या दिवसाचा खर्च टिपणातील नव्या जॅकेटच्या किमतीतून सहज निघेल. मामाचे पिसांचे जॅकेट कपाटात पडून आहे, ते दिवाळीपूर्वी येऊन घेऊन जावे; उजव्या खिशाची चेन अडकते, तेवढी बदलून घ्यावी.

कळावे.