कसणाऱ्याचं नाव

पेण आणि रोह्याच्या कोर्टात वकिली करायची तर जुना सातबारा वाचता आला पाहिजे. इथले पुष्कळसे दिवाणी दावे जमिनीचे. वाटप, वहिवाट, बांध, वाट. पण सगळ्यांत गुंतागुंतीचा वाद कुळाचा. जमीन कसत कोण होतं आणि कागदावर नाव कोणाचं होतं, या दोन प्रश्नांची गाठ घालून देणं हेच मला आमच्या कामाचं मर्म वाटतं.

ही गाठ सुटली ती खोतीमुळे. राबायचं कुळाने आणि खळ्यावरचं भात जायचं खोताच्या घरी. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची जमीन कसलीच नाही. नारायण नागू पाटील त्या संपाचे पुढारी. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

आयर्लंडचा इतिहास वाचताना मला चरी आठवते. १८८० साली मेयो परगण्यात जमीनदाराच्या एका कारभाऱ्याच्या शेतात कापणीला गावचे मजूर गेले नाहीत. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेला कुळांसाठी कायदा करावा लागला. रास्त खंड, जमिनीवरून न उठवण्याची हमी आणि आपला हक्क विकण्याची मुभा त्यातून मिळाली. १९०३ च्या कायद्याने तर सरकारी कर्जावर, साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी, कुळाला मालक होण्याची वाट काढून दिली. पुढे त्याच देशाच्या १९३७ च्या राज्यघटनेवरून आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली. इतक्या लांबचा हा लढा मला परका वाटत नाही.

आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, ती भरली की ३२ म चं प्रमाणपत्र मिळायचं. पुस्तकात हे सरळ आहे. प्रत्यक्षात एखाद्या कुटुंबाचं नाव ‘इतर हक्कात’ साधं कूळ म्हणून लागतं आणि पुढची चौकशी होतच नाही. एखाद्याची किंमत ठरते, पण पैसे भरल्याची पावती घरात सापडत नाही. जमीनमालक त्या दिवशी विधवा किंवा अज्ञान असेल, तर कलम ३२ फ प्रमाणे खरेदीचा हक्क पुढे ढकलला जातो. म्हणून मालकाच्या घरातली बाई कोणत्या साली विधवा झाली, यावर आज दुसऱ्याच कुटुंबाची जमीन टिकते किंवा जाते. वंशावळ काळजीपूर्वक विचारावी लागते ती यासाठी.

विचारण्याचीही रीत असते. “आजी, तुम्ही कूळ होतात का?” या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. “खंड कुणाच्या घरी नेऊन घालत होतात? भात घालायचात की पैसे? मापायला कोण असायचं?” असं विचारलं की आजी बोलू लागतात आणि त्या बोलण्यात साक्षीदार सापडतात. पेणच्या खारेपाटात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: खारबंदिस्ती कधी फुटली होती? खारं पाणी शिरलं की पीक जातं, पीकपाहणीत ‘पडीक’ लागतं आणि समोरचे वकील त्यावर बोट ठेवून म्हणतात की हे कसतच नव्हते.

त्यात दाव्याची वाटही दुहेरी. कूळ आहे की नाही, हे दिवाणी न्यायालय ठरवू शकत नाही. कलम ८५ अ प्रमाणे तो मुद्दा तहसीलदारांकडे जातो, तिथून अपिलात प्रांतांकडे, पुढे महसूल न्यायाधिकरणाकडे. तोवर मूळ दावा थांबतो. पक्षकाराला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगणं मी कर्तव्य मानतो.

जमिनीला भाव आला की जुन्या नोंदी बाहेर निघतात. २००८ साली महामुंबई सेझसाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला. संपादनाची नोटीस निघते तेव्हा आधी कागदावरचं नाव पाहिलं जातं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण वकिलांना मी म्हणतो, पहिल्यापासूनचे सगळे फेरफार हातात आल्याशिवाय दाव्याचा मसुदा करू नका. महसुली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, असं जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं. ज्याला ती नोंद वाचताच येत नाही, त्याच्यासाठी उलट सिद्ध करणारा माणूस म्हणजे वकील. चरीच्या कुळांनी उपाशी राहून ज्या कायद्याची वाट मोकळी केली, तो एकेका सातबाऱ्यापर्यंत नेऊन पोचवायचं काम अजून शिल्लक आहे आणि ते तालुक्याच्या कोर्टातच होणार आहे.