उघड्या जीपने नागपूर : निघण्यापूर्वीची तयारी

लांबचा प्रवास आपल्या लोकांना नवा नाही. ६ डिसेंबरला मुंबई, अशोक विजयादशमीला नागपूर, २० मार्चला महाड, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, या वाटा आपल्या पायांना पाठ आहेत. मात्र हा प्रवास बहुधा रेल्वेच्या साध्या डब्यातून, एस.टी.तून किंवा वस्तीने वर्गणी काढून ठरविलेल्या गाडीतून होतो. पिशवीत भाकरी बांधायची आणि गर्दीत शिरायचे, एवढीच तयारी. स्वतःच्या वाहनाने जावयाचे म्हटले की सगळा भार स्वतःवर येतो, आणि ते वाहन वरून उघडे असेल तर तो आणखी वाढतो. गेले तीन महिने आमच्या घरी ही तयारी चालू आहे. आता आपल्यापैकी अनेकांच्या दारात जुनी का होईना, गाडी आली आहे. त्यांना उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

उघडी गाडी म्हटली की सिनेमातील नायकाची दोन आसनांची बिनछपराची मोटार डोळ्यांपुढे येते. तिला रोडस्टर म्हणतात. आमची गाडी तेवढी श्रीमंत नव्हे. पण वर छप्पर नाही, सामानाला जागा नाही आणि दाराला कुलूप नाही, या तिन्ही बाबतींत ती रोडस्टरची गरीब बहीणच. महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजो जातीचे डिझेल इंजिन. एका सरकारी खात्याच्या लिलावात आम्ही दोघा भावांनी मिळून ती घेतली. आमच्यापैकी थोरला कारखान्यात फिटर होता, धाकटा कल्याणात रिक्षा चालवितो. त्यामुळे पाने-पकड हाती धरायला आम्ही कचरत नाही.

प्रवासाचे कारण आमची आई. तिने सत्तरी ओलांडली आहे. दीक्षाभूमीवर ती चार वेळा गेली, चारही वेळा साध्या डब्यात, त्यात एकदा भुसावळपासून पुढे उभ्याने. वेरूळ-अजिंठ्याची चित्रे आमच्या भिंतीवर आहेत, पण लेणी तिने पाहिलेली नाहीत. "एकदा तरी समोर बघत, वाटेतली गावं बघत जाऊ द्या रे," एवढेच ती म्हणाली. पालिकेच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी रक्तदाब तपासून परवानगी दिली. दीड तासाला उतरायचे, पाय मोकळे करायचे आणि गोळी चुकवायची नाही, अशा अटी घातल्या. पुतणीच्या कॉलेजची फी आधी भरली, उरलेल्या पैशांत टायर आणि डिझेल बसविले. जीप लिटरला दहा-अकरा किलोमीटर चालते, त्यावरून येण्याजाण्याचा हिशेब वहीत मांडला.

कागद आणि यंत्र

आधी कागद पाहिले. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. विमा आणि पी.यू.सी. चालू हवे. हौसेखातर छप्पर कापून गाडी उघडी करणारे पुष्कळ दिसतात. नोंदणीत दाखविलेल्या बांधणीत परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी अडचण उभी राहते. आमच्या नोंदणीपुस्तकात जीप मुळातच कापडी हुडाची आहे. हूड नवे शिवून घेतले, कारण डिसेंबरातही पाऊस कधी चुकून येतो.

यंत्राचे काम आम्ही एका क्रमाने केले. गाडी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे. म्हणून पहिला हात ब्रेकला. चारही ड्रम उघडले, लायनर पाहिले, चाकांवरचे सिलिंडर बदलले, ब्रेक ऑइल नवे भरले. मग पाटे आणि त्यांचे यू-बोल्ट. ग्रीस गन घेऊन एकेका निपलला ग्रीस मारले. रेडिएटर धुवून काढला, होज पाईप आणि फॅन बेल्ट नवे टाकले. जुना बेल्ट फेकला नाही, तो जादा म्हणून पेटीत ठेवला. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर इंजिन बंद पडते. ती हवा काढण्याचा पाना कोणता, हे पुतणीसह सर्वांनी हाताने करून पाहिले.

टायरबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. टायरच्या कडेवर चार आकडी छाप असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने मरते आणि उन्हात, भाराखाली फुटते. स्टेपनीसह पाचही टायरांची वये आम्ही वाचली आणि दोन बदलले. हवा गाडी थंड असताना भरायची.

रस्ता आणि मुक्काम

मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. तेथे मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० आहे. ताशी ४५-५० ने चालणारी उघडी जीप त्या वेगात शोभत नाही. शिवाय येवला आणि अजिंठा त्या वाटेवर लागत नाहीत. आईला तर गावे पाहावयाची आहेत. म्हणून जुना रस्ता घेतला. वळणे धरून तो नऊशे किलोमीटरच्या घरात जातो, आणि त्याचे पाच दिवस केले.

पहिल्या दिवशी कसारा घाट चढून नाशिक. तेथे महामार्गालगतच त्रिरश्मी लेणी आहेत. डोंगरात २४ लेणी आहेत, पण पायऱ्या बऱ्याच. आईने चढायचे की पायथ्याशी बसायचे, हे तिचे ती ठरवील. मुक्काम येवल्यास, जेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी वैजापूरमार्गे वेरूळ. एकूण ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध. त्यांतील दहावे चैत्यगृह आणि बारावे तीन मजली लेणे पाहण्यास वेळ राखून ठेवला आहे. रात्री औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास. बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली तेथे काढलेल्या महाविद्यालयाचे, आजच्या मिलिंदचे आवार पुतणीला पाहावयाचे आहे. तिसऱ्या दिवशी अजिंठा पाहून बुलढाणा, चौथ्या दिवशी खामगाव-अकोला करीत अमरावती, पाचव्या दिवशी नागपूर.

वार पाहून निघावे. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. आम्ही मंगळवारी निघणार, म्हणजे बुधवारी वेरूळ, गुरुवारी अजिंठा आणि शनिवारी नागपूर. धाकट्या भावजयीला रजा नाही. ती मुलाला घेऊन शनिवारी रात्री रेल्वेने निघेल आणि रविवारी दीक्षाभूमीवर आम्हाला भेटेल. जड सामानही तिच्याबरोबरच येईल.

अजिंठ्यास खाजगी वाहन लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे फाट्यावर ठेवावे लागते, पुढे बसने जावयाचे. बंद मोटारवाला काच लावून निघून जातो. उघड्या जीपचे सामान कोणाच्या भरवशावर सोडायचे? यावर आमच्याकडे दोन रात्री चर्चा झाली. शेवटी जुनी लोखंडी पेटी आणली, तिच्या तळाला भोके पाडून ती जीपच्या पत्र्याला बोल्टने आवळली आणि कुलूप लावले. कागद आणि पैसे अंगावर. तरीही एकजण गाडीपाशी थांबणारच. वेरूळला थोरला, अजिंठ्यास धाकटा. दोघेही एकेक लेणे परतीच्या वाटेवर पाहतील.

ऊन, वारा आणि पदर

नोव्हेंबरात कल्याण ते इगतपुरी असा एक दिवसाचा सराव केला. पाचही जण, सगळे सामान, अगदी निघाल्यासारखे. घाटात इंजिन तापले नाही. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो, ब्रेकवर भार टाकला नाही. पण घरी बसून न कळणाऱ्या गोष्टी तेथे कळल्या. हूड बांधले तर त्याच्या फडफडीत बोलणे ऐकू येत नाही, उघडे ठेवले तर ट्रकचा धूर थेट तोंडावर येतो. आईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. एक पिशवी उडून गेली. मागच्या आडव्या बाकावर थोरल्या भावजयीची कंबर धरली. इगतपुरीला झाडाखाली बसून आम्ही यादी केली: सर्वांना चष्मे, नाकाला रुमाल, बाकावर कापसाची गादी, प्रत्येक वस्तूला दोरी.

उघड्या गाडीत घाम येतो, पण वाऱ्याने लगेच वाळतो. त्यामुळे तहान लागल्याचे कळत नाही आणि डोके दुखू लागल्यावर माणूस जागा होतो. म्हणून तहान नसली तरी तासाला पेलाभर पाणी प्यायचे, हा नियम केला. आपला प्रवास पूर्वेकडे, म्हणजे सकाळचे ऊन चालकाच्या डोळ्यांत. शिवाय विदर्भात डिसेंबरची सकाळ गार असते. म्हणून आठच्या आधी निघायचे नाही आणि दिवस मावळण्यापूर्वी गाडी उभी करायची.

लुगड्याचा पदर, ओढणी, मफलर यांची टोके मोकळी नकोत. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका सप्टेंबर १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथे उघड्या मोटारीत बसली, तिच्या गळ्यातील लांब वस्त्र चाकात अडकले आणि ती जागीच गेली. हे ऐकल्यावर आईने पदर कमरेला घट्ट खोवला आणि कानांवरून सुती फडके बांधले.

पुतणीने वाहनाचा पक्का परवाना काढला आहे. लांबच्या रस्त्यावर तिच्या हाती गाडी द्यावी की नाही, यावर घरात मतभेद झाले. तिने जर्मनीतील बर्था बेंझची हकिगत सांगितली. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानेच बनविलेल्या तीन चाकी उघड्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभराहून अधिक किलोमीटरचा तो जगातील पहिला लांबचा मोटारप्रवास. इंधन तिने औषधाच्या दुकानातून घेतले, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा चर्मकाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. आई म्हणाली, "तिची गाडी चालली ती चांभाराच्या हातानं. आपली पोरगी चालवू दे." अकोला ते अमरावती गाडी पुतणीकडे.

पाणी

सर्वांत मोठा वाद पाण्यावरून झाला. वाटेत जागोजागी बाटल्या मिळतात, तेव्हा जड कॅन कशाला, असे आमचे म्हणणे. आई ऐकेना. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या माणसाने पोहरा सोडायचा नव्हता, कोणी ओतून देईल तोवर उभे राहायचे. तेव्हापासून तिचे एकच सांगणे: वाटेवर पाणी आपले आपल्यापाशी हवे.

मग एका रात्री पुतणीने बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधील दोन प्रवास वाचून समजावून सांगितले. १९०१ साली लहानगे भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनवर उतरून वडिलांच्या कामाच्या गावी बैलगाडीने निघाली. जात कळताच गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकायची या बोलीवर. फराळाचे डबे भरलेले होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. डबे तसेच राहिले आणि मुले उपाशी निजली. दुसरा प्रवास १९३४ चा. नाशिकहून तीसेक सहकाऱ्यांसह बाबासाहेब मोटारबसने वेरूळकडे निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. अंगावर रस्त्याची धूळ बसली होती, म्हणून दारापाशीच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. त्यावरून लोकांनी त्यांना घेरले, शिवीगाळ केली. अखेर किल्ला पाहू दिला, पण कोठेही पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला.

वाचन संपल्यावर कोणी काही बोलले नाही. आमचा रस्ताही नाशिकहून त्याच दौलताबादेवरून जातो. सकाळी आम्ही चार कॅन आणले. माणसाला दिवसाला चार लिटर धरून तीन पांढरे पिण्याचे, एक लाल रेडिएटरचा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नाही, हेही लाल रंगाने कॅनवर लिहिले. आईने पाचवा कॅन मागितला. कशाला, विचारले तर म्हणाली, "वाटेत कुणाची गाडी बंद पडलेली असती, कुणी बाई लेकरू घेऊन उभी असती. त्यांना द्यायला." तो कॅन तिच्या पायाशी बांधला आहे, आणि त्याबरोबर एक स्टीलचा पेला.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा जीप बहुधा येवल्याच्या पुढे गेली असेल. आपणही गाडी काढण्याचा बेत करीत असाल तर ब्रेक आधी पाहा, टायरचे वय वाचा, वार बघून निघा, रात्री चालवू नका. घरातील वडीलधाऱ्या बाईला पुढची जागा द्या, तिचा पट्टा आपल्या हाताने लावा. आणि पाणी घेताना एक कॅन जास्त घ्या.

जयभीम.