दुसऱ्या यादीतली गाणी

१९८३ च्या एप्रिलमध्ये मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' पहिल्या क्रमांकावरून खाली उतरलं. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ते नऊ आठवडे ठाण मांडून होतं. त्याला उठवलं जॉर्ज क्लिंटनच्या 'अ‍ॅटॉमिक डॉग'ने, आणि पुढचे चार आठवडे ती जागा त्याची झाली. त्याच साप्ताहिकाची थोडी पानं उलटली की सगळ्या देशाच्या लोकप्रिय गाण्यांची शंभराची यादी लागे, 'हॉट हंड्रेड'. तिच्यात 'बिली जीन' होतं, 'अ‍ॅटॉमिक डॉग' नव्हतं. यादीच्या बाहेर घुटमळणाऱ्या गाण्यांची एक छोटी नोंद खाली असे. तिथं ते एकशे एकाव्या क्रमांकापर्यंत आलं आणि तिथूनच परत फिरलं.

एकशे एक! एखाद्या नाटककाराने हा आकडा लिहिला असता, तर 'जरा जास्तच होतंय' म्हणून दिग्दर्शकाने तो खोडला असता.

आपल्याकडे अर्थातच 'बिली जीन' पोचलं. कॅसेटमधून पोचलं, गॅदरिंगच्या नाचांमधून पोचलं, आणि १९९६ च्या १ नोव्हेंबरला तर तो माणूसच अंधेरीच्या क्रीडासंकुलात येऊन नाचून गेला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत म्हटलं की आपल्या तोंडी नावं येतात ती त्याची, स्टीव्ही वंडरची, डायना रॉसची, लायोनेल रिचीची. ही नावं मोठीच आहेत, त्यात वाद नाही. पण ती आपल्यापर्यंत आली ती त्या शंभराच्या यादीतून गाळून आली. मागे काय राहिलं याची चौकशी करायचं आपल्याला कारणच पडलं नाही. मला ती चौकशी करायची सवय उशिरा लागली, आणि आता सुटत नाही.

दोन याद्या का होत्या, हे थोडक्यात सांगायला हवं. १९४२ मध्ये 'बिलबोर्ड'ने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या खपावरून एक वेगळी यादी सुरू केली. तिचं नाव काळानुसार बदलत गेलं. १९४९ पासून ती 'ऱ्हिदम अँड ब्लूज' झाली, १९६९ मध्ये 'सोल', १९८२ मध्ये सरळ 'ब्लॅक', आणि १९९० मध्ये फिरून 'आर अँड बी'. मधे एकदा, १९६३ च्या अखेरीपासून १९६५ च्या जानेवारीपर्यंत, ती बंदच ठेवली होती. दोन्ही याद्यांत तीच गाणी दिसू लागली होती, मग दुसरी हवी कशाला, असा हिशेब. मोटाऊन कंपनीच्या भरभराटीचे ते दिवस. तेव्हा खरोखरच वाटलं असेल की भिंत पडली. पण यादी पुन्हा सुरू करावी लागली.

या दुसऱ्या यादीचे आकडे कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या दुकानांतून आणि त्यांच्या रेडिओ केंद्रांवरून येत. गाणं आधी तिथं वर चढायचं. पुरेसं चढलं की 'टॉप फॉर्टी' वाजवणाऱ्या मोठ्या केंद्रांचे कार्यक्रम ठरवणारे लोक त्याच्याकडे बघायचे, आणि त्यांच्या मनात आलं तर ते गाणं 'क्रॉसओव्हर' व्हायचं. १९७२ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने कोलंबिया कंपनीसाठी सोल संगीताच्या बाजाराचा एक अहवाल तयार केला. सोल रेडिओचं महत्त्व त्यात नीट सांगितलं होतं, पण ते बरंचसं मोठ्या केंद्रांकडे जायची वाट म्हणून. ज्यांची ती रोजची करमणूक होती, रोजचं सांत्वन होतं, त्यांच्या घराला अहवालाच्या भाषेत वाटेवरचं स्टेशन करून टाकलं होतं.

आणि ही वाटही नेहमी उघडी नसे. टायरोन डेव्हिस काही अनोळखी गायक नव्हता. शंभराच्या यादीत तो पहिल्या पाचात दोनदा जाऊन आला होता. त्याचं 'टर्निंग पॉइंट' १९७६ च्या सुरुवातीला सोलच्या यादीत पहिलं आलं, आणि शंभरात त्याची नोंदसुद्धा नाही.

पुढे हवा आणखी बिघडली. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना यजमानांना सोडून द्यावा लागला. त्या दिवशी लोकांनी आणलेल्या तबकड्यांमध्ये डिस्कोशी काही संबंध नसलेलं सोलही होतं, असं तिथं काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाने पुढे सांगितलं. त्यानंतर मोठ्या केंद्रांनी डिस्को टाकताना त्याच्या शेजारचंही बरंच काही टाकलं. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झाला. आम्ही रॉकची वाहिनी आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कृष्णवर्णीय गायक पडद्यावर औषधापुरते. तो दरवाजा १९८३ मध्ये 'बिली जीन'ने उघडला, पण मागून येणाऱ्या सगळ्यांसाठी तो लगेच उघडा राहिला नाही.

त्याच वर्षीचं 'जूसी फ्रूट' घ्या. एम्टूमे या गटाचं हे गाणं कृष्णवर्णीय यादीत आठ आठवडे पहिलं होतं, शंभराच्या यादीत पंचेचाळीसवर अडकलं. गटाचा म्होरक्या जेम्स एम्टूमे हा जाझ सॅक्सोफोनवादक जिमी हीथचा मुलगा. तरुणपणी तो माइल्स डेव्हिसकडे तालवाद्यं वाजवायचा. 'ऑन द कॉर्नर' या १९७२ च्या तबकडीवर तो आणि तबल्यावर बादल रॉय एकत्र आहेत. तबल्याशेजारी बसलेल्या या माणसाने अकरा वर्षांनी हे इतकं संथ, इतकं मोकळं गाणं केलं की ठेक्यांच्या मधल्या जागेत माणूस पाय पसरून बसू शकेल. १९९४ मध्ये नोटोरियस बी.आय.जी.ने तोच ठेका उचलून 'जूसी' केलं, ते जगभर गेलं. मुलं लहानपणी आईवडिलांच्या रेडिओवर ऐकलेली गाणी घेऊन मोठी झाली आणि त्यांनी ती हिपहॉपमध्ये परत वाजवली. 'अ‍ॅटॉमिक डॉग'चं तेच झालं. एकशे एकवर थांबलेल्या त्या गाण्याचे तुकडे पुढच्या पिढीच्या कितीतरी गाण्यांत सापडतात, स्नूप डॉगच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यातही.

इंग्लंडच्या उत्तर भागात सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या पडेल सोल तबकड्या शोधून त्यांवर रात्रभर नाचणारे तरुण होते. त्यांचं प्रेम खरं होतं, पण त्यांच्या लाडक्या तबकड्या बहुतेक कुठल्याच यादीत नव्हत्या. मला जास्त ओढ आहे ती लाखोंनी ऐकलेल्या आणि तरीही 'न चाललेल्या' गाण्यांची. त्यांचा मुकुटमणी म्हणजे फ्रँकी बेव्हर्ली.

बेव्हर्ली फिलाडेल्फियाचा. चर्चमध्ये गाऊन आवाज घडलेला. १९७१ मध्ये तो आपला गट घेऊन सान फ्रान्सिस्कोकडे गेला. गटाचं नाव होतं 'रॉ सोल'. मार्व्हिन गेने त्यांना हात दिला आणि नाव बदलायला सुचवलं, तेव्हा ते 'मेझ' झाले. पहिली तबकडी १९७७ ची. गाणी स्वतः लिहायची, ध्वनिमुद्रणही स्वतःच्या देखरेखीखाली करायचं, हा बेव्हर्लीचा खाक्या शेवटपर्यंत टिकला. 'बॅक इन स्ट्राइड' १९८५ मध्ये आणि 'कान्ट गेट ओव्हर यू' १९८९ मध्ये दुसऱ्या यादीत पहिली आली. तबकडीमागून तबकडी सुवर्ण ठरली. शंभराच्या यादीतल्या पहिल्या चाळिसात मात्र मेझचं एकही गाणं कधी गेलं नाही.

आणि त्यांचं सर्वांत लाडकं गाणं या दोन्हींपैकी नाहीच. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्सच्या सेंगर थिएटरात त्यांच्या मैफली ध्वनिमुद्रित झाल्या. पुढच्या वर्षी त्यांचा जोडसंच निघाला. तीन बाजू मैफलीने भरल्या, चौथीवर स्टुडिओत केलेली नवी गाणी घातली, आणि त्यात 'बिफोर आय लेट गो' होतं. शंभरात नाही, आणि घरच्या यादीतही तेरावं. आज कृष्णवर्णीय अमेरिकेत लग्न असो, कुटुंबाचं संमेलन असो की उन्हाळ्यातली अंगणातली मेजवानी, हे गाणं लागलं की आजी खुर्चीतून उठते, नातू मोबाइल ठेवतो, आणि ओळी धरून सगळे एकाच दिशेने पावलं टाकू लागतात. मौज अशी की गाणं मुळात नातं तुटण्याचं आहे. आपल्या वरातीतला बँड विरहाची गाणी जोशात वाजवतो आणि मावश्या त्यावर नाचतात, त्यातलाच हा प्रकार. शब्द रडतात, ठेका त्यांना रडू देत नाही, आणि बेव्हर्लीचा किंचित खरखरीत आवाज दोघांच्या मधून वाट काढतो. एसेन्स महोत्सव १९९५ पासून न्यू ऑर्लीन्सला भरतो. सुरुवातीची जवळपास पंधरा वर्षं त्याची सांगता मेझच करत असे. बेव्हर्ली पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर पांढरी टोपी, आणि समोरचे हजारो लोकही पांढऱ्यात.

अशा माणसाला 'मुख्य प्रवाहात पोचला नाही' असं म्हणणं मला हास्यास्पद वाटतं. प्रवाह तिथंच होता, मोजणारे दुसऱ्या काठावर बसले होते.

पण इथं जरा सावध राहायला हवं. घरच्यांचं प्रेम मिळालं, बाहेरच्यांचं नाही मिळालं तरी काय बिघडलं, हे दूर बसून लिहिणाऱ्याला फार सोपं जातं. पलीकडच्या यादीत मोठी सभागृहं होती, दूरचित्रवाणी होती, म्हातारपणी पुरणारे पैसे होते. जेम्स कारची आठवण झाली की माझा रोमँटिकपणा आटतो. मेम्फिसच्या या गायकाचं 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' १९६७ मध्ये गोल्डवॅक्स या छोट्या कंपनीने काढलं. डॅन पेन आणि चिप्स मोमन यांनी ते नॅशव्हिलला पत्त्यांच्या डावाच्या मधल्या सुट्टीत, अर्ध्याएक तासात लिहिलं होतं. चोरून भेटणाऱ्या दोघांचं गाणं. कार ते ओरडून गात नाही. पकडले जाणार हे ठाऊक असलेला माणूस जसा आवाज खाली ठेवून बोलेल, तसा गातो, आणि एखाद्याच जागी तो आवाज त्याच्या हातून सुटतो. सोलच्या यादीत दहावं, शंभरात सत्याहत्तरावं. पुढे अरेथा फ्रँकलिनसकट कितीतरी जणांनी ते गायलं, 'द कमिटमेंट्स' या चित्रपटातही ते आलं. यातलं एकही मला कारच्या जवळपास जाणारं वाटत नाही. कार मात्र मनाच्या आजाराने पोखरत गेला. १९७९ च्या जपान दौऱ्यात तो मंचावर गोठून उभा राहिला. २००१ मध्ये कर्करोगाने गेला. यश मिळालं असतं तर तो वाचला असता, असा दावा मी करणार नाही. पण निदान उपचारांना पैसा तरी असता.

बेव्हर्लीच्या नशिबी निरोप तरी जिवंतपणी आला. २०१९ मध्ये बियॉन्सेने 'बिफोर आय लेट गो' आपल्या पद्धतीने गायलं आणि तिच्या आवाजात ते शंभराच्या यादीत गेलं, मूळ गाण्यानंतर अडतीस वर्षांनी. २०२४ च्या जुलैमध्ये बेव्हर्लीने निरोपाचा दौरा आपल्या गावी, फिलाडेल्फियाला संपवला. १० सप्टेंबरला तो गेला.

ते गाणं सहज मिळतं, शोधावं लागत नाही. एकच विनंती: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्याचं निम्मं काम बास गिटार करते, आणि ती तिथं ऐकूच येत नाही.