फारकत न घेता

आमच्या परभणी जिल्ह्यात नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईसाठी शब्द कमी नाहीत. सोडलेली, टाकलेली, माहेरी बसलेली. पुस्तकातला शब्द परित्यक्ता. हे सगळे शब्द नवऱ्याने काय केलं तेवढंच सांगतात. बाई स्वतः ठरवून वेगळी राहिली तर तिला काय म्हणायचं, याला बोलीत शब्द नाही. कायद्यात आहे: न्यायिक विभक्तता. तो मी नीट वाचला माझ्या मोठ्या बहिणीमुळे.

आक्काचं सासर गंगाखेडकडचं. लग्नाच्या सातव्या वर्षी ती पोरीला घेऊन सेलूला माहेरी आली. मग तिला न्यायला कोणी आलं नाही. चार वर्षं गेली. तिकडे दुसरा संसार थाटल्याचं कानावर येत होतं. मामा म्हणाले, फारकत घे, मोकळी हो. दादाचंही तेच. माय म्हणायची, कुंकू आहे तोवर कोणी बोट दाखवत नाही. आक्काला दोन्ही पटत नव्हतं. "मला परत जायचं नाही," ती म्हणायची, "पण त्याला मोकळं करून द्यायला मी काहून कोर्टात जाऊ?"

परभणीच्या वकीलबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम १० समोर ठेवलं. या कलमाखाली हुकूम मिळाला की एकत्र राहण्याचं बंधन संपतं, लग्न मात्र टिकतं. दोघांपैकी कुणालाच दुसरं लग्न करता येत नाही. कलम २५ खाली पोटगी मागता येते. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर बायको म्हणून वारसाहक्क उरतो. पोरीचा हक्क तर आईबापाच्या लग्नावर अवलंबूनच नसतो, घटस्फोट झाला तरी ती बापाची वारस राहते. हे ऐकून आक्काच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं. आणखी एक गोष्ट तिने दोनदा विचारून घेतली. वेगळ्या राहणाऱ्या बायकोवर नवऱ्याने जबरदस्ती केली तर तो गुन्हा आहे, आणि त्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे.

१९५५ साली हा कायदा झाला तेव्हा छळ आणि त्याग या कारणांवर घटस्फोट मिळतच नव्हता, फक्त विभक्तता मिळायची. १९७६ च्या दुरुस्तीने दोन्हींची कारणं सारखी केली. त्यामुळे त्याआधीच्या अनेक खटल्यांत मागणी विभक्ततेचीही असे. दास्ताने खटला त्यातलाच. लग्न १९५६ चं, पुण्यातलं. नवऱ्याने बायकोच्या क्रूरतेवरून विभक्तता मागितली. खालच्या न्यायालयाने दिली, वरच्याने काढून घेतली. १९७५ साली न्या. यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की क्रूरता सिद्ध झाली आहे, पण त्यानंतरही तुम्ही नवराबायको म्हणून नांदलात, म्हणजे ती माफ केलीत. वकीलबाईंनी आक्काला पहिला प्रश्न म्हणूनच विचारला होता, "मधे कधी नांदायला गेली होतीस का?"

अर्ज त्यागाच्या कारणावर केला. त्याला सलग दोन वर्षांचा त्याग लागतो, आक्काची चार भरली होती. तारखा पडत गेल्या. सेलू-परभणी रेल्वेच्या प्रत्येक फेरीत शेजारची कोणी बाई विचारायचीच, "पाव्हणे काय म्हणतेत?" शेवटी हुकूम हातात आला. माय म्हणाली, म्हणजे नेमकं काय झालं? आक्का म्हणाली, "त्याने टाकली नाही, मी वेगळी झाले. आता हे कागदावर आहे."

१९८८ साली संगमनेरला अशा बायकांची परिषद भरली होती, ॲड. निशा शिवूरकर यांच्या पुढाकाराने. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड ही त्या चळवळीची एक मागणी होती. आक्का माहेरच्या कार्डावर दादाच्या नावाखाली होती, म्हणून ही मागणी मला लहान वाटत नाही. टाकलेल्या बाईकडे दाखवायला काही नसतं, आणि कार्यालयात तोंडी हकिगत चालत नाही.

पण या हुकमालाही एक खोच आहे. तो झाल्यावर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कुणीही त्याच आधारावर घटस्फोट मागू शकतं. म्हणजे ज्याला मोकळं करायचं नव्हतं त्याच्याच हाती किल्ली येते. याला थोडा आडोसा आहे. २००१ च्या हिराचंद मानगावकर खटल्यात बायकोकडे विभक्ततेचा हुकूम होता, नवऱ्याने ठरलेली पोटगी दिली नाही आणि वर घटस्फोट मागितला. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण स्वतःच्या चुकीचा फायदा कुणाला घेता येत नाही. आक्काच्या नवऱ्याने आजवर पोटगीचा एक हप्ता भरलेला नाही. न भरलेल्या प्रत्येक महिन्याची नोंद तिने पोरीच्या जुन्या वहीत तारखेनिशी ठेवली आहे.

मामा अजून म्हणतात, हे अर्धवट काम झालं. मला तसं वाटत नाही. जिला पुन्हा लग्न करायचं आहे तिने घटस्फोटच घ्यावा, विभक्तता तिच्या वाटेत आडवी येईल. आक्काला लग्न नको होतं, परतही जायचं नव्हतं. तिला हवा होता स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला वेळ, आणि तोवर पायाखाली कायदा. वर्ष केव्हाच उलटून गेलं. तिकडून नोटीस कधीही येऊ शकते. दादा त्या धास्तीत असतो. आक्का म्हणते, येऊ दे, वही तयार आहे.