नाताळची कुकी, उपवासाच्या डब्यातून

डिसेंबर लागला की तुमच्याही फोनवर कुकीजचे व्हिडिओ सुरू होत असतील. सोनेरी कुकी, मधोमध लाल जॅम, मागे लुकलुकणारे दिवे. बघायला छान वाटतं. पण घरात एखाद्या मुलाला गहू अजिबात चालत नसेल, तर तुम्ही तो व्हिडिओ चटकन पुढे सरकवता, कारण मूल शेजारीच बसलेलं असतं. हा लेख अशा घरांसाठी आहे. आणि असं मूल ज्यांच्याकडे पाहुणं म्हणून येतं, त्यांच्यासाठीही आहे.

माझी भाची सात वर्षांची आहे. घरी आम्ही तिला चिऊ म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तिची उंची वाढायची थांबली. पोट सारखं फुगलेलं असायचं आणि लोहाची औषधं घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. जंतांचं औषध देऊन झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी करायला सांगितली. मग एंडोस्कोपी करून आतड्याचा छोटा तुकडा तपासला आणि आजाराचं नाव कळलं, सिलिअॅक.

या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्न पोटात जातं, पण अंगी लागत नाही. यावर उपाय एकच, ग्लुटेन कायमचं बंद. गहू रोजच्या जेवणात असलेल्या उत्तर भारतात हा आजार जास्त आढळतो, आणि आमचं जबलपूरही पोळीवर जगणारं गाव आहे. तुमच्या घरात अशी शंका असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तपासणी होण्याआधी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. तसं केलं तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध जगाला कसा पटला, त्याची गोष्टही हिवाळ्यातलीच आहे. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना ब्रेडचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, तिथे भीषण अन्नटंचाई झाली आणि ब्रेड मिळेनासा झाला. सगळीकडे उपासमार होती, पण सिलिअॅकची मुलं मात्र सुधारताना दिसली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी 1950 मध्ये यावर प्रबंध लिहिला. ताईने ही गोष्ट चिऊला सोपी करून सांगितली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मग त्या मुलांनी नाताळला काय खाल्लं?"

हा प्रश्न तिच्या डोक्यात यायला कारण होतं. आम्ही जबलपूरचे मराठी. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नोकरीच्या निमित्ताने तिकडची कितीतरी कुटुंबं इकडे आली आणि इथलीच झाली. 1870 मध्ये मुंबईहून येणारी आणि कोलकात्याहून येणारी रेल्वे जबलपूरला जोडली गेली. रेल्वे आणि छावणी यांच्यामुळे इथे अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती कुटुंबंही पिढ्यानपिढ्या राहतात. त्यामुळे आमच्या कॉलनीत दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट जातं आणि नाताळला शेजारच्या आंटींकडून केक आणि जॅम भरलेल्या कुकीज येतात. आंटी निवृत्त शिक्षिका आहेत. कॉलनीतलं प्रत्येक मूल 25 डिसेंबरला त्यांच्या दारात हजर असतं.

आजार कळल्यानंतरच्या पहिल्या नाताळला चिऊ गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. आंटींनी पुढे केलेली कुकी तिने घेतली नव्हती. रडली नाही, हट्ट केला नाही. "मला भूक नाही" असं सांगून आली. पुढे आमच्या लक्षात आलं की हे वाक्य तिने पाठच केलंय. वाढदिवस असो, लग्न असो, कुणी काही विचारण्याआधीच ती म्हणून टाकायची, "मला भूक नाही." ताई तिच्यासाठी सगळीकडे वेगळा डबा न्यायची. डब्यात तिच्या आवडीचंच असायचं. पण सगळी मुलं एका ताटातून खात असताना तो डबा उघडायची तिला लाज वाटायची. सात वर्षांच्या मुलीने भूक नाही असं खोटं सांगावं, हे आम्हाला आजारापेक्षा जास्त लागलं.

मागच्या डिसेंबरात मी ठरवलं की तिला चालेल अशी जॅमची कुकी करायची. तांदळाच्या पिठाने सुरुवात करणार होते, कारण तांदूळ तिला चालतो. तेवढ्यात आजी स्वयंपाकघरात आली. मार्गशीर्षातला गुरुवार होता, तिचा उपवास. ती म्हणाली, "तांदळाची केलीस तर मला आज चालायची नाही. शिंगाड्याचं पीठ का नाही घेत? एकादशीला आपण काय खातो मग?"

बघा, उत्तर घरातच होतं. आपल्या मराठी घरात धान्याशिवायचं स्वयंपाकघर कधीपासूनच आहे, फक्त त्याचं नाव उपवास आहे. शिंगाडा हे पाण्यातल्या वेलीचं फळ. राजगिरा ही पालेभाजीच्या जातीतल्या झाडाची बी. साबुदाणा कंदाच्या पिठापासून होतो. शेंगदाणा शेंगेतला, नारळ झाडावरचा. यातलं काहीच गव्हाच्या कुळातलं नाही. वरी मात्र उपवासाला चालत असली तरी ते बारीक धान्यच आहे. तिच्यात ग्लुटेन नसतं, पण "धान्य नको" असं ठरवलं असेल तर ती बाजूला ठेवा.

शिंगाडा तर आमच्या गावचाच. जबलपूर जुन्या तलावांचं शहर आहे. राणीताल, चेरीताल, अधारताल ही नुसती मोहल्ल्यांची नावं वाटतात, पण त्यांचा संबंध राणी दुर्गावतीच्या काळातल्या तलावांशी सांगितला जातो. आसपासच्या तलावांत आजही शिंगाडा लावतात. थंडीच्या सुरुवातीला हातगाड्यांवर काळे, उकडलेले शिंगाडे मिळतात. उरलेले वाळवून त्यांचं पीठ होतं. आजीच्या डब्यात ते बाराही महिने असतं.

आता कृती सांगते. साधारण 18 ते 20 कुकीज होतात.

बदामाची पूड 150 ग्रॅम
शिंगाड्याचं पीठ 75 ग्रॅम
साजूक तूप 75 ग्रॅम
घरी दळलेली साखर 60 ग्रॅम
सैंधव चिमूटभर, वेलचीपूड पाव चमचा
दूध एक ते दोन चमचे
घट्ट जॅम चार-पाच चमचे

तूप थिजलेलं घ्या, पातळ नको. तूप आणि साखर हाताने फेसून हलकं करा. त्यात बदामपूड, शिंगाड्याचं पीठ, सैंधव आणि वेलची घाला. गोळा होण्यापुरतंच दूध घाला. शिंगाड्याचं पीठ सावकाश ओलावा शोषतं, म्हणून गोळा अर्धा तास झाकून थंड जागी ठेवा. ग्लुटेन नसल्यामुळे या पिठाला ताण नसतो, ते मळून काही उपयोग नाही. लाटायच्याही भानगडीत पडू नका. लिंबापेक्षा लहान गोळ्या करा, ट्रेमध्ये ठेवा आणि मधोमध अंगठ्याने खळगा करा. कडेला चिरा पडल्या तर बोटाने मिटवा. हे अंगठ्याचं काम मुलांना द्या, ते त्यांच्यासाठीच आहे.

ओव्हन 160 अंशांवर आधी तापवा आणि कुकीज 12 मिनिटं भाजा. भाजताना खळगा थोडा वर येतो, तो चमच्याच्या मागच्या बाजूने परत दाबा. मग जॅम भरा आणि आणखी पाच-सहा मिनिटं ठेवा. कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढा. गरम असताना कुकीला हात लावू नका, ती लगेच तुटते. ट्रेमध्येच पूर्ण गार होऊ द्या, मग खुटखुटीत होते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून वर स्टँड ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. पूर्वी दिवाळीत नानकटाईचा ट्रे बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणायचे, हे तुमच्या आजीला आठवत असेल. आपल्या चिऊसारख्या मुलांसाठी ती सोय मात्र चालणार नाही, भट्टीत सगळीकडे मैदा असतो.

जॅम मी पेरूचा करते. थंडीत पेरू भरपूर असतात आणि त्यात पेक्टिन चांगलं असल्यामुळे जॅम आपोआप घट्ट होतो. अर्धा किलो पिकलेले पेरू थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीवर घोटा, बिया वर राहतात. जेवढा गर, त्याच्या निम्मी साखर आणि एका लिंबाचा रस घालून आटवा. गार बशीवर थेंब टाकला आणि तो पसरला नाही की झाला. घरात मोरावळा असेल तर तो ठेचून भरा, आजीला तोच जास्त आवडतो.

बदाम महाग पडत असतील तर निम्मे बदाम आणि निम्मं भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट घ्या. चव चिक्कीकडे झुकते, वाईट लागत नाही. पण कुकीज दुसऱ्या मुलांना देताना त्यात बदाम, शेंगदाणे आहेत हे आधी सांगा. काहींना त्यांचीच अॅलर्जी असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिलिअॅक असलेल्या मुलासाठी "थोडासा गहू" असं काही नसतं. उपवासाचं पीठ आहे म्हणून ते सुरक्षित, असं समजू नका. ज्या चक्कीवर गहू दळला जातो, तिथेच शिंगाडाही दळला तर पिठात गहू आलाच. म्हणून ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीट घ्या. आपल्याकडे असं लिहायचं असेल तर ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. बाजारच्या पिठीसाखरेत आणि बेकिंग पावडरमध्ये बऱ्याचदा मक्याचा स्टार्च असतो, म्हणून साखर घरी दळली आणि बेकिंग पावडर घातलीच नाही. बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं, हे तर आम्हाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं.

मागच्या नाताळच्या आदल्या दिवशी मी आंटींकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बेटा, ती भूक नाही म्हणाली तेव्हा मला वाटलं, तिला माझ्या हातचं आवडत नाही." वर्षभर त्यांच्याही मनात ते राहिलं होतं.

त्यांनी मैद्याचं काम सुरू करण्याआधी ट्रे घासून घेतले, ओटा पुसला, नवा कागद अंथरला. पहिला घाणा शिंगाड्याचा. चिऊने खळगे केले. दुसऱ्या दिवशी मैद्याच्या कुकीज त्यांनी केल्याच नाहीत, केक फक्त वेगळ्या टेबलावर ठेवला. कुकीजचं एकच ताट होतं आणि कॉलनीतली सगळी मुलं त्यातूनच घेत होती. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. एका मुलाने फक्त विचारलं की यात पेरू आहे का. चिऊने तीन खाल्ल्या आणि चौथी आजीसाठी रुमालात बांधून आणली. आजीने विचारलं, "आणखी नाही का आणलीस?" चिऊ म्हणाली, "मला भूक लागली होती."

यंदा तुमच्याकडे नाताळला, हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसाला मुलं येणार असतील, तर त्यांच्या आईला आधी फोन करून एवढंच विचारा, "त्याला काय चालत नाही?" आणि जमलं तर त्या एका मुलासाठी वेगळी वाटी भरण्याऐवजी, सगळ्यांना चालेल असा एक पदार्थ करा.