बिनहवेचं चाक

मुलांनो, सराटा तुम्हांला माहीत असेलच. माळावर, बांधावर जमिनीला चिकटून पसरणारं पिवळ्या फुलांचं झुडूप. त्याचा काटा अनवाणी पायात घुसला की डोळ्यांत पाणी, आणि सायकलच्या चाकात घुसला की हवा फुस्स! तर हाच सराटा अमेरिकेतही आहे, बरं का. आम्ही राहतो त्या कोलोरॅडो राज्यात त्यानं नुसता उच्छाद मांडलाय. इथले लोक त्याला 'बकरीचं डोकं' म्हणतात. काटा नीट पाहा, दोन शिंगं दिसतील!

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. घराभोवती मोठी हिरवळ, आणि ती कापायला बसून चालवायचं यंत्र. छोटा ट्रॅक्टरच म्हणा ना, पोटाखाली गरगर फिरणारी पाती असलेला. कुंपणाकडेला सराटे, त्यामुळे पुढचं एखादं चाक दर आठवड्याला बसायचंच. एका बाजूचं चाक बसलं की पाती तिरकी होतात आणि गवत इकडे आखूड, तिकडे लांब.

आजोबांची पाठ दुखते. वाकून हवा भरणं त्यांना जमेना. त्यांचा मुलगा दूरच्या गावी असतो. तो फोनवर म्हणाला, "यंत्र विकून टाका, गवताला माणूस लावा." मोटार चालवणं आजोबांनी आधीच सोडलं होतं. आता हेही जाणार! दोन दिवस ते अंगणात दिसले नाहीत.

मग मी आणि माझ्या मुलीनं (ती सातवीत आहे) बिनहवेची चाकं बसवायचं ठरवलं. तुम्ही म्हणाल, हवा नाही तर आत काय? आत पॉलियुरेथेन नावाचा घट्ट फेस असतो. पावाला जाळी असते ना, तशी, पण फारच बारीक. काटा घुसला तरी एखाददुसरा बुडबुडा फुटतो, बाकीचे जागच्या जागी.

पण एक अडचण होती. चाकात हवा आली ती मुळी हादरे कमी करायला. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांचा मुलगा भरीव चाकांच्या तीनचाकीवर हादरे खायचा. वडिलांनी चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. म्हणजे हवा काढली की हादरे परत! आणि आजोबांची पाठ?

मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबा बसतात मागच्या चाकांपाशी. मग मागची हवा राहू दे की!" पटलं. मागच्या चाकांत हवाच ठेवली, फक्त बारीक भोकं बुजवणारं दाट औषध आत सोडलं.

पुढच्या टायरवर आकडे होते, १५, ६ आणि ६. उंची १५ इंच, रुंदी ६, आतली चकती ६. एवढं जुळलं म्हणजे झालं असं मात्र नाही. आस जिथून जातो ते भोक मोजलं, पाऊण इंच. त्या भोकाची आरपार लांबीही मोजली. ती जास्त भरली तर चाक अडकवणारी पत्र्याची कडी बसतच नाही. कमी भरली तर चाक आसावर मागंपुढं सरकतं. आमचं थोडं कमी भरलं, म्हणून एक वॉशर जादा घातला.

यंत्र सपाट जागी, किल्ली माझ्या खिशात, प्लगची वायर सोडलेली, मागच्या चाकांना ठोकळे. जॅकनं पुढचा भाग उचलला आणि खाली भक्कम आधार दिला. नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, आणि हे काम मोठ्या माणसाशिवाय करायचंच नाही. टोपण काढून कडी सोडवली. ती टणकन उडते, म्हणून दोघांच्या डोळ्यांवर जाड चष्मे. आस पुसून ग्रीस लावलं, नवं चाक सरकवलं, वॉशर, कडी, टोपण. दुसरं चाक मुलीनं निम्म्या वेळात बसवलं!

आजोबांनी एक फेरी मारली. "पुढं जरा धडधडतं," ते म्हणाले, "पण पाठीला पत्ता नाही." मग न थांबता सगळी हिरवळ कापून काढली, सराट्यांच्या कडेसकट.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला म्हणे. काय बोलले कोण जाणे. यंत्र अजून त्यांच्याच गॅरेजमध्ये आहे, आणि वर्षातून एकदा आसाला ग्रीस लावायचं काम आमच्या मुलीकडे.