स्नेह आणि वंगण

डोके दुखते असे चारचौघांत म्हणावे आणि चौघांनी चार औषधे सांगावीत, हा आपला नेहमीचाच अनुभव आहे. मोटारीच्या बाबतीतही हा धर्मार्थ दवाखाना अखंड चालू असतो. दिवाळीच्या सुटीपूर्वी गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे, एवढेच मी शिक्षक-कक्षात बोललो, आणि इंजिनात ऑइल कोणते घालावे यावर चहा निवेपर्यंत खल झाला. इतिहासाच्या सरांचा कौल जाड तेलाला. 'बोटाला चिकटून राहिले पाहिजे, तर ते तेल!' रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, 'सगळ्यांत महागाचे सिंथेटिक घ्या, म्हणजे बघायला नको.' कार्यालयातल्या एका उदार गृहस्थांनी तर आपल्या मोटारसायकलीसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले तेल देऊ केले.

मराठी शिकवणाऱ्याने अशा वेळी गप्प बसावे हे बरे. पण या खेपेस मला तो प्रश्न गमतीचा वाटेना. आमची गाडी नऊ वर्षांची, नव्वद हजार किलोमीटर चाललेली. नवी घेण्याचा योग नजीकच्या काळात पत्रिकेत दिसत नाही. आणि दर महिन्याला आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुण्याला जावे लागते. नगरहून जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरांच्या आत-बाहेर पल्ला. (२०२४ साली सरकारदरबारी अहिल्यानगर हे नाव झाले, तरी आमच्या तोंडी अजून नगरच येते.) पहाटे निघायचे, कामरगावचा घाट अंधारातच ओलांडायचा. वाटेत इंजिन रुसले, तर पंच्याहत्तरीच्या आईला घेऊन मी रस्त्याच्या कडेला कुणाची वाट पाहणार?

तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी शब्दापाशी गेलो. संस्कृतात 'स्नेह' म्हणजे माया आणि 'स्नेह' म्हणजे तेलही. मला या जुन्या लोकांचे कौतुक वाटते. दोन कठीण वस्तू एकमेकींशी घासून झिजू नयेत म्हणून मध्ये जे असावे लागते, त्याला त्यांनी एकच नाव देऊन टाकले. आपल्या गाडीवानाला हे कोश न उघडताच ठाऊक होते. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्याकडे ऊस वाहणाऱ्या बैलगाडीच्या आखालाही वंगण लागेच. ते आटले की चाक कुरकुरायचे आणि भुर्दंड बैलांच्या मानेवर पडायचा. लहानपणी आपण नाक दाबून घेतलेल्या एरंडेलाचा पराक्रम तर याहून मोठा. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांत एरंडेल घालीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली निघाले तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच.

आम्हां नगरकरांना तेलाचे माप शिकवले ते लूनाने. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची ही मोपेड १९७२ साली आली, आणि नगर-दौंड रस्त्यावरचा तिचा कारखाना गावाचा अभिमान होऊन बसला. तिला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे लागे. कमी पडले तर इंजिन जखडायचे, जास्त झाले तर मागे धुराचा लोट आणि प्लगवर काजळी. म्हणजे प्रेमाने चार थेंब अधिक घालण्याचीही सोय नाही!

मोटारीचे तेल वेगळे. ते इंजिनाच्या तळाशी राहते आणि पंप ते सर्वत्र फिरवतो. वंगण देणे हे त्याचे एक काम झाले. उष्णता वाहून नेणे, काजळी पोटात घेऊन इंजिन आतून स्वच्छ ठेवणे, गंज चढू न देणे ही कामेही त्याचीच. तेल काळे पडले म्हणजे वाईट निघाले असे नव्हे. घरातल्या फडक्यासारखे ते काळे पडते, कारण ते काम करते.

डब्यावरचे आकडे मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला पंचांगासारखे वाटतात. '२० डब्ल्यू ४०' यातला 'डब्ल्यू' हा हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला, तेल किती दाट राहते ते सांगतो. अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने ही प्रतवारी १९११ साली सुरू केली. पूर्वी थंडीचे तेल निराळे आणि उन्हाळ्याचे निराळे असे. दोन्ही ऋतू सांभाळणारी तेले गेल्या शतकाच्या मध्यावर रुळली. आमच्या नगरला पौषात पहाटे दात वाजतात आणि वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ही सोय आम्हांला मानवली यात नवल नाही.

शेजारच्या अक्षरांतही अर्थ आहे. 'एस'ने सुरू होणारी जोडी पेट्रोल इंजिनाची, 'सी'ने होणारी डिझेलची. 'एस'पुढचे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितके तेल नव्या कसोटीचे. 'एसपी' ही जोडी २०२० साली आली. मोटारसायकलीचे गणित याहून निराळे, कारण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीचे फार निसरडे तेल त्याला घातले तर तो घसरतो. म्हणून तिच्या डब्यावर 'जासो एमए' अशी खूण पाहतात. २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल मोटारींत धूर गाळणारी जाळी असते. तिला राख कमी करणारेच तेल लागते, नाहीतर जाळी बुजते. कार्यालयातल्या गृहस्थांचा डबा मी कृतज्ञतापूर्वक परत केला तो यामुळेच.

गॅरेजमधले मिस्त्री मनाने चांगले. ते म्हणाले, 'सर, गाडी आता वयात आली. २० डब्ल्यू ५० टाकू. आवाज बसून जाईल.' त्यात तथ्य नाही असे नाही. झिजलेले इंजिन तेल पिऊ लागले की जाड तेल काही काळ आधार देते. पण आमच्या गाडीची तेलपट्टी मी दर महिन्याला पुसून पाहतो, पातळी दोन खुणांच्या मध्येच असते. न झिजलेल्या इंजिनाला जाड तेल घातले, तर पहाटे किल्ली फिरवल्यावर ते वरच्या भागात पोचायला वेळ लावते, आणि सुरू होतानाचे ते क्षणच झिजेचे असतात. शिवाय पेट्रोलही अधिक जळते. आवाज बसवणे आणि इंजिन वाचवणे ही एकच गोष्ट नव्हे, हे मात्र मिस्त्रींना कसे सांगावे?

हा पेच मी शेजारच्या रिसालदारसाहेबांपुढे टाकला. नगर हे रणगाडा दलाचे गाव. त्यांचे आयुष्य रणगाड्यांच्या पोटात गेले. मला वाटले, आता पाचवे मत ऐकावे लागणार. ते म्हणाले, 'सर, तीस वर्षं रणगाड्यात काढली, पण तेल कुठलं घालायचं हे मी एकदाही ठरवलं नाही. ते पुस्तकात लिहिलेलं असायचं. ज्यानं इंजिन बनवलं, त्याला जास्त कळतं. तुम्ही तर पुस्तकवाले!'

गाडीची पुस्तिका दस्तान्यांच्या कप्प्यात, कर भरल्याच्या पावत्यांखाली होती. एका ओळीत उत्तर दिलेले: ५ डब्ल्यू ३०, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी ओळखीच्या दुकानातून सीलबंद डबा आणला, पावती घेतली, आणि मिस्त्रींना म्हटले, 'मिस्त्री, हात तुमचा, तेल पुस्तकातले.' ते हसले. त्यांनी जुने तेल पूर्ण निथळू दिले, फिल्टर बदलला, पट्टीवरच्या वरच्या खुणेपाशी हात थांबवला. खुणेच्या वर भरले तर तेल फेसाळते, हे त्यांनीच मला सांगितले. जुने तेल गटारात न ओतता त्यांनी पिंपात साठवले, याचेही मला बरे वाटले.

त्या पुस्तिकेतल्या ओळीवर मी नंतर बराच विचार केला. आपण ज्यांच्यावर माया करतो त्यांना आपल्याला उत्तम वाटेल ते देतो. जाड द्यावे, महाग द्यावे, भरपूर द्यावे. समोरच्याची घडण काय, त्याला काय सोसते, हे विचारायचे मात्र राहून जाते. आईला पुण्याच्या प्रवासात मी परोपरीने फराळाचा आग्रह करतो. तिला हवी असते गाडीची काच थोडी खाली, आणि गप्पांना सोबत. स्नेहालाही नंबर असतो. तो देणाऱ्याच्या मर्जीवर ठरत नाही, घेणाऱ्याच्या घडणीवर ठरतो.